तिसाचे साठ

पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या ऑफिसात मी फीचा हिशोब बघते. बी.कॉम. वाईला, किसन वीर महाविद्यालयात झालं, टॅली नंतर शिकले आणि संगणकाशी माझी ओळख तिथंच संपली. शाळेचे प्रवेश अर्ज, पालकांनी चढवलेली कागदपत्रं, फीच्या पावत्या हे सगळं ज्या मशीनवर चालतं ते शाळेत नाही, मुंबईला ॲमेझॉनकडं आहे आणि त्याचं दर महिन्याला बिल येतं, एवढं मला ठाऊक होतं. कारण ते बिल मीच 'संकीर्ण खर्च' या खात्याला टाकत होते. ही सगळी मांडामांड करून देणारे सर दुसऱ्या नोकरीवर गेले. जाताना पासवर्डांचा बंद लिफाफा हेडक्लार्कसाहेबांच्या कपाटात ठेवून गेले, वर लाल शाईनं 'अत्यंत महत्त्वाचे'. लिफाफा इतका महत्त्वाचा, की तो कुणी उघडलाच नव्हता.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, पावत्या निघेनात. दुबईहून, नाशिकहून, इंदूरहून फोन सुरू झाले. लांबलांबची मुलं पाचगणीला शिकायला येतात यात नवं काही नाही. सेंट पीटर्स 1904 ची, संजीवन 1922 ची, आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झालेला फारुख बुलसारा झांझिबारहून सेंट पीटर्सलाच आला होता. तेव्हाचे पालक पत्राच्या उत्तराची वाट बघत असतील. आताच्या दुबईकर वडिलांना पावती तिथल्या तिथं हवी असते आणि नाही मिळाली तर ते थेट प्राचार्यांना व्हॉट्सॲप करतात. प्राचार्यांनी हेडक्लार्कसाहेबांना विचारलं, साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुमचा भाचा हिंजवडीला कॉम्प्युटरमध्येच आहे ना?"

झालं. काम माझ्या गळ्यात.

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "आत्या, लिफाफा फोड आणि मी सांगतो ते जसंच्या तसं टाइप कर." काळ्या पडद्यावर पहिली आज्ञा दिली ती 'डीएफ'. डिस्क किती, भरलेली किती, शिल्लक किती, हे ती सांगते. बऱ्याच ओळी आल्या, त्यातली एक मला वाचता आली, कारण ती ताळेबंदासारखी होती: एकूण 29 जीबी, वापर 29, शिल्लक 0, शंभर टक्के. मी लगेच विचारलं, की बिलात तर 30 जीबी लावलेत, मग एक कुठं गेला? भाचा हसला. म्हणाला, थोडी जागा बूटच्या भागांना जाते, थोडी फाइलसिस्टम स्वतःच्या नोंदींसाठी राखून ठेवते. राखीव निधी म्हटलं की मला कळतं. पुढं चल म्हटलं.

जागा खाल्ली कशानं, तेही बघितलं. जन्मदाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले. पालक मोबाइलवर फोटो काढतात, त्याची पीडीएफ करतात, आणि एकेक दाखला आठ-दहा एमबीचा होतो. सॉफ्टवेअर बिचारं घेत राहिलं. भाचा म्हणाला, जुनं काहीतरी उडव आणि तात्पुरती जागा कर. मी ठाम नाही म्हटलं. हिशोबाच्या माणसानं व्हाउचर फाडायचं नसतं, मग ते कागदावरचं असो की मुंबईतलं. तेव्हा ठरलं, की डिस्कच वाढवायची, तीस जीबीची साठ.

इथं एक गोष्ट आधीच समजली ते बरं झालं. ॲमेझॉनच्या या डिस्का वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. साठ केली की साठ. पुन्हा तीसवर यायचं तर नवी छोटी डिस्क घेऊन सगळा माल तिकडं न्यायचा. म्हणजे बिल कायमचं वाढणार. म्हणून मी रीतसर टिपणी लिहिली, प्राचार्यांची सही घेतली, आणि मगच कीबोर्डला हात लावला. भाच्याला या टिपणीचं फार हसू आलं. त्यांच्या ऑफिसात म्हणे कुणी सही मागत नाही. मागायला हवी.

"पडद्यावर क्लिक करून करू की स्क्रिप्ट लिहू?" असं त्यानं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "क्लिक करून केलंस तर पुढच्या वेळी परत मलाच फोन करशील. वसतिगृहाचं दुसरं मशीन आहेच ना?" स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची यादी, एका फाइलीत ओळीनं लिहिलेली, यंत्र वरून खाली वाचत जातं आणि करत जातं. मला कल्पना आवडली. काय केलं, कोणत्या क्रमानं केलं, हे आपोआप लेखी राहतं. मी वहीत आधी मराठीत लिहून काढलं: स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची प्रत, घेतला आहे का बघ, नसेल तर थांब, डिस्क वाढव, वाढली का बघ, नसेल तर थांब. भाचा म्हणाला, "आत्या, तुझ्या यादीत करण्यापेक्षा थांबणंच जास्त आहे." मी म्हटलं, बरोबर आहे मग.

पुढचं सगळं माझ्या डोक्यावरून जायला लागलं ते नावांपासून. डिस्क एकच, आणि तिला चार नावं. ॲमेझॉनच्या पडद्यावर तिचं नाव 'व्हीओएल' आणि पुढे अक्षरांची नि आकड्यांची माळ. त्याच पडद्यावर, ती मशीनला जोडलीय त्या ठिकाणी, तिचं नाव 'एसडीए-1'. मशीनच्या आत जाऊन विचारलं तर 'एनव्हीएमई-झीरो-एन-1'. आणि डीएफला विचारलं तर तो नुसतं 'रूट' म्हणतो. मी वहीत चारही नावं एकाखाली एक लिहून समोर 'सर्व एकच' असं लिहिलं, तेव्हा कुठं जीवात जीव आला.

मग आज्ञा दिली तर उत्तर आलं, अशी कुठली डिस्कच अस्तित्वात नाही. नुकतीच तर ती डोळ्यांनी बघितली होती! भाच्याच्या जुन्या नमुन्यात प्रदेश अमेरिकेतला व्हर्जिनिया होता, आणि आमची डिस्क 'एपी-साउथ-1', म्हणजे मुंबईला. प्रत्येक प्रदेशाचं दप्तर वेगळं, एकमेकांत बघत नाहीत. बोलता बोलता इतिहास सांगायची भाच्याला खोडच आहे. ॲमेझॉनचा मुंबई प्रदेश 2016 च्या जूनमध्ये सुरू झाला, त्याआधी आपल्याला सगळ्यात जवळचा म्हणजे सिंगापूर. मायक्रोसॉफ्टनं त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात केंद्र काढलं आणि त्याला 'सेंट्रल इंडिया' नाव दिलं. पुणे मध्य भारतात कधी गेलं, हे मी विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

प्रदेश बदलला. आता खरी आज्ञा द्यायची तर भाचा म्हणाला, थांब, आधी 'ड्राय रन' करू, म्हणजे लुटूपुटूची चाल, खरं काही होणार नाही, फक्त झालं असतं का ते कळेल. मी एंटर दाबलं आणि पडद्यावर उमटलं: 'ॲन एरर ऑकर्ड'. काळजात चर्र झालं. पुढं 'मॉडिफाय व्हॉल्यूम' हे करताना ही चूक घडली, वगैरे. मी फोनमध्ये ओरडलेच असणार, कारण हेडक्लार्कसाहेब उठून आले. भाचा शांत. "आत्या, शेवटपर्यंत वाच." शेवटी लिहिलं होतं, ही विनंती यशस्वी झाली असती, पण ड्राय रनचा झेंडा लावलेला आहे. म्हणजे चूक ही, की सगळं बरोबर आहे! परवानगी नसती तर वेगळी चूक आली असती, 'अनऑथराइज्ड ऑपरेशन' म्हणून. दोन्ही वेळा सुरुवात तीच, फरक कंसातल्या एका शब्दाचा. हे ज्यानं ठरवलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा. तेव्हापासून पडद्यावर एरर दिसली की मी आधी ओळ संपवते, मग घाबरायचं की नाही ते ठरवते.

ड्राय रनचा झेंडा काढला, खरी आज्ञा दिली. अवस्था आली 'मॉडिफाइंग', थोड्या वेळानं 'ऑप्टिमायझिंग'. इथं आपल्याला पुढं जाता येतं, 'कम्प्लीटेड'ची वाट बघावी लागत नाही. स्क्रिप्टमध्ये हेच एक वर्तुळ करून घातलं: दर काही सेकंदांनी विचार, अवस्था बदलली की बाहेर पड. मशीन या सगळ्यात चालूच होतं. ही सोय 2017 च्या फेब्रुवारीत आली. त्याआधी स्नॅपशॉट घ्या, त्यातून मोठी डिस्क बनवा, मशीन थांबवा, जुनी काढा, नवी लावा, असा उद्योग होता. भाच्याच्या ऑफिसातली मशीनं मायक्रोसॉफ्टकडं आहेत, तिथं अजून मशीन थांबवून, नुसतं बंद करून नव्हे तर 'डीअॅलोकेट' करून, मग सिस्टम डिस्क वाढवायची पद्धत आहे. फीच्या दिवसांत मशीन थांबवायचं म्हटलं असतं तर प्राचार्यांनी मलाच थांबवलं असतं.

तर डिस्क साठ जीबीची झाली. ॲमेझॉनच्या पडद्यावर 60 दिसले. मी मोठ्या उत्साहानं डीएफ चालवलं. एकूण 29, वापर 29, शिल्लक 0.

पुन्हा चालवलं. तेच. पावती काढून बघितली. निघाली नाही.

इथं माझा धीर खरंच सुटला. पैसे साठचे लागणार, जागा तीसचीच? भाचा समजावत होता, डिस्क वेगळी, पार्टिशन वेगळं, फाइलसिस्टम वेगळी, आणि मला तिन्ही शब्दांचा एकच अर्थ लागत होता. शेवटी मला ते समजलं ते माहेरच्या रानावरून. माझं माहेर भिलारचं. आता लोक त्याला पुस्तकांचं गाव म्हणून ओळखतात, पण आमच्यासाठी ते स्ट्रॉबेरीचं. भावानं शेजारचा तुकडा विकत घेतला, खरेदीखत झालं, पैसे गेले. पण फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत कागदोपत्री रान जुन्याच मापाचं, आणि बांध फोडून वाफे पुढं ओढेपर्यंत पीकही जुन्याच रानात. खरेदीखत म्हणजे डिस्क वाढवणं. फेरफार म्हणजे पार्टिशन. वाफे म्हणजे फाइलसिस्टम. वाफ्यातल्या रोपाला खरेदीखत झाल्याचं कोण सांगणार? डीएफ वाफे मोजतो, म्हणून तो 29 म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

डिस्क, पार्टिशन, फाइलसिस्टम हे एकावर एक तीन मजले, एवढं कळलं. आता मजल्यांची पाहणी. 'एलएसबीएलके' म्हणून आज्ञा आहे, ती डिस्क आणि तिचे तुकडे झाडासारखे दाखवते. वर 'लूप' नावाच्या ओळींची रांग. त्यांच्याकडं बघू नको, ती उबुंटू या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजं आहेत, असं भाचा म्हणाला. खाली आमची डिस्क, 60 जीबी. तिच्या पोटात पार्टिशन 1, 29.9 जीबी. त्याखाली पार्टिशन 14, फक्त 4 एमबी. त्याखाली 15, 106 एमबी. मी म्हटलं, 2 ते 13 कुठं आहेत? पावतीपुस्तकातल्या बारा पावत्या गहाळ असाव्यात तसं मला ते टोचत होतं. भाचा म्हणाला, नाहीतच, कधी नव्हत्याच. आणि अजून गंमत म्हणजे 14 आणि 15 हे नंबरानं शेवटचे असले तरी डिस्कवर सगळ्यात पुढं बसलेत, आणि 1 नंबर सगळ्यात शेवटी. मुद्दाम. कारण वाढायचंय ते 1 ला, आणि नवी जागा नेहमी शेवटाला मिळते. मधे कुणी बसलं असतं तर 1 ला सरकायला वाव नसता. क्रमांक एकला शेवटी बसवायची ही बुद्धी ज्याची, त्याच्याबद्दल मात्र मला आदर वाटला.

पार्टिशन वाढवणाऱ्या आज्ञेचं नाव 'ग्रोपार्ट'. तिला डिस्कचं नाव द्यायचं, मग जागा सोडायची, मग पार्टिशनचा नंबर. जागा सोडलीच पाहिजे. याच्या उलट, स्क्रिप्टमध्ये मापाला नाव देताना बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. सोडली की 'अशी आज्ञा सापडत नाही' म्हणून आज्ञा वाचणारं बॅश ओरडतं. एके ठिकाणी जागा सोडा, दुसरीकडं सोडू नका. यामागं काहीतरी कारण असेलच. मी ते विचारलं नाही, वहीत दोन्ही ओळी लाल शाईनं लिहून ठेवल्या.

ग्रोपार्ट चालवलं आणि ते पडलं. कारण काय, तर डिस्कवर जागा नाही! जागा वाढवणाऱ्या आज्ञेला स्वतःच्या तात्पुरत्या कामासाठी 'टेम्प'मध्ये एक छोटा फोल्डर लागतो, आणि तेवढीही जागा उरलेली नव्हती. व्हाउचर फाडायचं नाही म्हणून मीच अडून बसलेले. यावरचा उपाय ऐकून मात्र मी थक्क झाले: 'टेम्प' ही जागा थोडा वेळ डिस्कवरून उचलून मेमरीत न्यायची, 10 एमबी पुरतात. टीएमपीएफएस म्हणतात त्याला. एका ओळीची आज्ञा. काम झालं की परत काढून टाकायची.

नेमकी त्याच वेळी लाइट गेली. पसरणी घाटापासून वर सगळं ढगात, पाऊस आडवा, आणि जूनच्या पाचगणीत हे व्हायचंच. वायफाय मेलं, काळा पडदा गोठला. पण भाच्यानं आधीच 'टीमक्स' सुरू करायला लावलं होतं. त्यात काम मुंबईतल्या मशीनच्या आत चालतं, माझा पडदा म्हणजे नुसती खिडकी. खिडकी बंद झाली तरी आतलं काम थांबत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, परत जोडून घेतलं, जिथं होतो तिथंच होतो. आमच्या गावातून असलं काम करणाऱ्यानं बाकी काही नाही शिकलं तरी चालेल, टीमक्स शिकावं.

ग्रोपार्ट या वेळी 'चेंज्ड' म्हणालं, आणि पुढं जुनं माप, नवं माप. नवं माप 12,56,01,759 सेक्टर. मग शेवटची आज्ञा, 'रिसाइझ-टू-एफएस', म्हणजे वाफे पुढं ओढणं. तिनं सांगितलं, फाइलसिस्टम आता 1,57,00,219 ब्लॉकांची आहे, एकेक ब्लॉक 4 केबीचा.

दोन आकडे समोर आले की मला ते जुळवल्याशिवाय राहवत नाही. सेक्टर 512 बाइटचा. कॅल्क्युलेटर काढला. सेक्टरांचे बाइट झाले 64,30,81,00,608. ब्लॉकांचे झाले 64,30,80,97,024. फरक 3,584 बाइटचा. भाच्याला म्हटलं, हे जुळत नाही. तो म्हणाला, एवढ्यानं काय होतंय. मी म्हटलं, एवढ्यानंच होतं. मग मीच बसले. एका ब्लॉकात आठ सेक्टर. 12,56,01,759 ला आठनं भागलं तर बाकी उरते सात. सात सेक्टरांत पूर्ण ब्लॉक मावत नाही, म्हणून फाइलसिस्टमनं ते तसेच सोडले. सात गुणिले 512, बरोबर 3,584. फरक सापडला. त्या सगळ्या प्रकारात मला खरा आनंद झाला तो या ठिकाणी, आणि भाचा जरा वेळ काही बोलला नाही, बहुतेक तो स्वतः करून बघत असावा.

डीएफ आता 58 म्हणत होता, वापर निम्मा. पावत्या निघायला लागल्या. दुबईच्या गृहस्थांना आधी पाठवली.

मग स्क्रिप्ट परत एकदा त्याच मशीनवर चालवून बघितली, दुसऱ्यांदा चालली तर काही बिघडवत नाही ना, याची खात्री म्हणून. ग्रोपार्ट म्हणालं 'नो-चेंज', वाढवायला काही उरलेलं नाही. ठीक आहे की. पण स्क्रिप्ट तिथंच मेली. वर एक ओळ घातली होती, कुठलीही आज्ञा बिनसली की थांब, आणि आज्ञा बिनसली की नाही हे यंत्र तिच्या परतीच्या आकड्यावरून ठरवतं: शून्य म्हणजे ठीक, बाकी सगळं बिनसलेलं. ग्रोपार्ट 'बदल केला'ला 0 देतं, 'बदलायला काही नाही'ला 1, आणि खरंच बिघडलं तर 2. तेव्हा स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, की 1 आला तर पुढं चल, 2 आला तर थांब. ही ओळ मी स्वतः लिहिली. बाकीच्या ओळी भाच्याच्या आहेत, ही माझी.

सगळं उरकल्यावर तो म्हणाला, "आत्या, खरं सांगू का? उबुंटूवर डिस्क वाढवून नुसतं रीबूट केलं असतं तरी मशीन उठताना चालणाऱ्या क्लाउड-इनिटनं पुढचं आपोआप केलं असतं." मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलंस? "शंभर टक्के भरलेलं मशीन रीबूट केलं आणि उठलंच नाही तर? मी हिंजवडीत, तू तिथं, आणि फीचा हंगाम." त्याची आई, म्हणजे माझी वहिनी, हिशोबाला पक्की आहे, ते थोडं उतरलंय त्याच्यात.

एक मात्र मला शेवटपर्यंत खटकत होतं. डिस्क भरत चाललीय हे कुणी आम्हाला कळवलं का नाही? त्याचंही उत्तर मजल्यांतच निघालं. ॲमेझॉनला दिसतो तो सगळ्यात खालचा मजला, 30 जीबीची डिस्क, एवढंच. तिच्या आत फाइलसिस्टम किती भरली हे बाहेरून दिसत नाही, त्यासाठी मशीनच्या आत आपला एजंट बसवावा लागतो. तो बसवला. 80 टक्क्यांच्या वर गेलं की आता मला मेल येतो.

वसतिगृहाच्या मशीनवर तीच स्क्रिप्ट मी एकटीनं चालवली, टिपणीवर सही घेऊन. सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र गेलंय, की दोन एमबीपेक्षा मोठा दाखला घेऊ नका. ती सोय होईपर्यंत सोमवारी सकाळी मी मोठ्या फाइलींची यादी काढते आणि पालकांना फोन करते. परवा एकांनी जन्मदाखल्याबरोबर मुलाच्या बारशाचा व्हिडिओ चढवला होता.